तेरा तारखेचा रविवार

२५ ऑगस्ट २०२४ च्या रविवारी, रात्री साडेनऊच्या सुमारास मी मुंबई-वाराणसी-मुंबई अशी तीन माणसांची तिकिटं काढली. आई, मावशी आणि मी. सोमवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी आईच्या हातात तिकिटाची प्रिंट दिली. त्या दिवशी जन्माष्टमी होती, आईचा उपास, त्यामुळे स्वयंपाकाची घाई नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं वह्या तपासलेली बाई ती, कागद हातात आला की आधी पेन्सिल शोधते. दोन मिनिटांनी ती उठली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं उलटू लागली.

"अगं, तेरा तारखेला बुधवार आहे. तुझ्या तिकिटावर रविवार कसा?"

मी चहा तसाच ठेवून प्रिंट घेतली. जाण्याची तारीख १३ ऑक्टोबर, परतीची १७ ऑक्टोबर. आम्हाला हवे होते १३ आणि १७ नोव्हेंबर. विमान तेच, वेळ तीच, तिघींची नावं आधार कार्डाप्रमाणे बिनचूक, फक्त महिना चुकलेला.

तारीख पुढेमागे करून भागेल अशी ही सहल नव्हती. आईला त्रिपुरी पौर्णिमेला काशीत असायचं होतं. आपल्याकडे देवदिवाळी म्हणजे मार्गशीर्षातली प्रतिपदा, पण काशीची देवदीपावली कार्तिकी पौर्णिमेलाच असते आणि त्या संध्याकाळी गंगेचे सगळे घाट पणत्यांनी उजळतात. २०२४ साली ती पौर्णिमा १५ नोव्हेंबरला, शुक्रवारी आली होती. १२ तारखेची कार्तिकी एकादशी घरी करायची, तुळशीचं लग्न वहिनीवर सोपवायचं आणि १३ ला निघायचं, हे आईने जूनमध्येच ठरवलं होतं. पैसेही तिचेच. पेन्शनमधून दर महिन्याला बाजूला काढलेले, आणि त्यांचा हिशेब दोनशेपानी वहीत 'काशी' असं शीर्षक घालून लिहिलेला. माझ्या क्रेडिट कार्डावरून मी फक्त आगाऊ भरले होते.

चूक कशी झाली ते मी त्याच सकाळी फोनवर सगळं पुन्हा करून पाहिलं तेव्हा कळलं. आदल्या आठवड्यात तुलना म्हणून मी ऑक्टोबरचे दर पाहिले होते. रविवारी रात्री नोव्हेंबरच्या तारखा टाकल्या, सकाळचं विमान निवडलं, मग मावशीला एवढ्या पहाटे निघणं झेपेल का या विचाराने मागे गेले, आणि मागे गेल्यावर अ‍ॅपने आधीची, ऑक्टोबरची यादी समोर ठेवली. दर कमी दिसला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पैसे भरण्याच्या पानावर तारीख बारीक अक्षरात होती, पण होती. चूक माझी होती. पुढच्या साडेचार महिन्यांत मी एकाही पत्रात ती लपवली नाही, आणि माझी बाजू त्यामुळेच टिकली असं मला वाटतं.

रक्कम सांगते, कारण पुढचं सगळं या आकड्यांवर उभं आहे. माणशी जाऊन-येऊन भाडं १०,९५० रुपये, तिघींचे ३२,८५०. त्यावर तिकीट विकणाऱ्या पोर्टलची कन्व्हिनियन्स फी १,०५०. एकूण ३३,९००. अ‍ॅपमध्ये 'रद्द करा'वर बोट ठेवलं तर असं दिसत होतं: विमान कंपनीचं रद्द करण्याचं शुल्क प्रत्येकी प्रत्येक फेरीला ३,२५०, म्हणजे सहा फेऱ्यांचे १९,५००. पोर्टलचं स्वतःचं शुल्क फेरीला ३००, म्हणजे १,८००. कन्व्हिनियन्स फी परत नाही. हातात येणार ११,५५०. काढून अकरा तासही न झालेल्या तिकिटावर बावीस हजार साडेतीनशे रुपये पाण्यात.

घाबरून मी पहिलं काम चुकीचं केलं. पोर्टलचा फोन नंबर अ‍ॅपमध्ये पटकन सापडेना, म्हणून गूगलवर शोधला आणि वर जो आला तो लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. "मॅडम, पूर्ण रिफंड करून देतो, फक्त मी पाठवतो ते अ‍ॅप टाका आणि स्क्रीन शेअर करा." सुदैवाने आमच्या महाविद्यालयात सायबर पोलिसांचं व्याख्यान झालं होतं आणि हेच वाक्य त्यांनी जसंच्या तसं ऐकवलं होतं. मी फोन ठेवला. तिकिटाच्या गडबडीत असलेला माणूस या लोकांच्या हाती आयता लागतो. कस्टमर केअरचा नंबर फक्त तिकिटाच्या ईमेलमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्यावा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवावं, तिथे वेळेला किंमत आहे.

मग मी थेट विमान कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली. तिने पीएनआर विचारला आणि म्हणाली, "तुमचं तिकीट एजन्सीचं, म्हणजे पोर्टलचं आहे, आम्हाला त्याला हात लावता येत नाही. पण बुकिंगला २४ तास झालेले नाहीत आणि विमानाला सात दिवसांहून जास्त अवकाश आहे, त्यामुळे आमच्याकडून शुल्क लागणार नाही. एजन्सीने त्यांच्या सिस्टिममधून रद्द करायला हवं." मी तिला हेच ईमेलवर द्यायला सांगितलं. तिने नुसता तक्रार क्रमांक दिला. मी तो आणि वेळ, नऊ वाजून बावन्न मिनिटं, कागदावर लिहून घेतली.

ती ज्या नियमाबद्दल बोलत होती तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या परताव्याच्या नियमांत आहे. त्याला 'लुक-इन' म्हणतात. तेव्हाची तरतूद अशी होती की तिकीट काढल्यापासून २४ तासांत प्रवाशाला ते जादा शुल्काविना रद्द करता किंवा बदलता येतं. बदललं तर नव्या विमानाच्या भाड्यातला फरक तेवढा भरायचा. विमान सात दिवसांच्या आत असेल तर ही सोय नाही. नियमाच्या वाक्यात 'थेट विमान कंपनीच्या वेबसाइटवरून काढलेलं तिकीट' असे शब्द येतात आणि एजन्स्या नेमका त्याचाच आधार घेतात. माझ्या बाबतीत विमान कंपनी स्वतःच शुल्क घेत नव्हती, त्यामुळे त्या शब्दांवर वाद घालायची वेळ आली नाही.

पोर्टलच्या चॅटवर मात्र एकच उत्तर चार वेळा चिकटवलेलं मिळालं: रद्द करण्याचं शुल्क विमान कंपनीच्या धोरणानुसार आहे. विमान कंपनी शुल्क घेत नाही म्हणते, असं लिहिलं की संभाषण दुसऱ्या माणसाकडे जायचं आणि पहिल्यापासून सुरू व्हायचं. दुपारचे दोन वाजले. रात्री साडेनऊला २४ तास भरणार होते.

मी महाविद्यालयाच्या कार्यालयात हिशेबाचं काम करते. आमच्या विभागातल्या सरांनी अनेक ऑडिट पाहिली आहेत. मी त्यांना विचारलं, "सर, स्क्रीनवर एवढी कपात दिसत असताना बटण दाबलं तर ती मला मान्य आहे असा अर्थ होईल ना?" त्यांनी विचारलं, "न दाबलं तर?" न दाबलं तर रात्री साडेनऊनंतर माझा हक्कच संपणार होता. सर म्हणाले, "मग आधी हरकत लेखी नोंदवा आणि मग दाबा. हरकत आधीची आणि रद्द नंतरचं, हा क्रम कागदावर दिसला पाहिजे."

पुढच्या सगळ्या महिन्यांत याहून मोलाचा सल्ला मला कोणी दिला नाही. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी पोर्टल आणि विमान कंपनी दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहिलं. तिकीट कधी काढलं, विमान कधी आहे, महिना चुकीचा निवडला ही चूक माझी आहे, मी २४ तासांच्या आत रद्द करते आहे, विमान कंपनीच्या कॉल सेंटरने अमुक तक्रार क्रमांकावर शुल्क लागणार नाही असं सांगितलं आहे, आणि अ‍ॅपमध्ये दिसणारी १९,५०० ची कपात मला मान्य नाही. मग कपातीच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, पोर्टलच्या अटींचं पान पीडीएफ करून ठेवलं, आणि चार वाजून पाच मिनिटांनी बटण दाबलं. अटींच्या पानातलं एक वाक्य तेव्हा मी नुसतं वाचलं होतं, त्याची किंमत नोव्हेंबरात कळली.

त्याच संध्याकाळी खरी तिकिटं काढायची होती. देवदीपावलीच्या आठवड्यातलं वाराणसीचं भाडं रविवारी रात्री माणशी १४,२०० होतं, सोमवारी संध्याकाळी १५,९०० झालं. कार्डावर तेवढी मर्यादा उरली नव्हती. आईने काशीचं खातं रिकामं केलं आणि थोडे दादाने घातले. या वेळी तिकीट थेट विमान कंपनीच्या साइटवर काढलं. पैसे भरण्याआधी मी फोन आईपुढे धरला, तिने कालनिर्णय मांडीवर घेतलं आणि वार, तारीख, महिना, नावं मोठ्याने वाचली. मग मी पैसे भरले.

सहा दिवसांनी कार्डावर ११,५५० जमा झाले. पोर्टलच्या दृष्टीने प्रकरण संपलं.

मी मात्र विमान कंपनीला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: या पीएनआरवर तुम्ही रद्द करण्याचं शुल्क किती घेतलं आणि एजन्सीला किती परत दिलं? पहिल्या दोन ईमेलना 'आपल्या एजंटशी संपर्क साधा' असं ठरीव उत्तर आलं. प्रत्येक विमान कंपनीला आपल्या साइटवर नोडल ऑफिसर, म्हणजे तक्रारी पाहणारा अधिकारी, आणि त्याच्या वरच्या अपील अधिकाऱ्याचा पत्ता द्यावा लागतो. तो शोधून मी नोडल ऑफिसरला लिहिलं, आणि पत्रात डीजीसीएचा दुसरा नियम घातला. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा देण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, कारण एजंट हा कंपनीने नेमलेला प्रतिनिधी आहे, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो परतावा तीस कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवा होता. हा नियम फारसा कोणाला माहीत नसतो. आपल्याला एजंटकडे परत पाठवायचा विमान कंपनीचा रस्ता तो बंद करतो.

९ सप्टेंबरला उत्तर आलं. चार ओळींचं. पीएनआर २६ ऑगस्ट रोजी रद्द झाला, कंपनीने रद्द करण्याचं शुल्क आकारलेलं नाही, तिकिटाची संपूर्ण रक्कम एजन्सीच्या खात्यात जमा केली आहे. मी ते ऑफिसात तीनदा वाचलं आणि मग सरांना वाचायला दिलं. विमान कंपनीच्या नावावर कापलेले १९,५०० रुपये विमान कंपनीने घेतलेच नव्हते. ते पोर्टलकडे होते.

त्या दिवशी मी माझी मागणी कायमची ठरवली. कन्व्हिनियन्स फी परत मिळणार नाही हे आधीच लिहिलेलं होतं. पोर्टलचे १,८०० त्यांनी आपल्या कामाचे म्हणून आधी दाखवले होते. ती माझ्या चुकीची किंमत, ती मी भरणार. मागायचे फक्त १९,५००, जे कोणी आकारलेच नाहीत. भाऊ म्हणाला, "सगळेच माग ना, मानसिक त्रासाचेही माग." मला ते पटलं नाही. ज्याचा कागद माझ्याकडे आहे तेवढंच मागितलं तर समोरच्याला बोलायला जागा राहत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

ते पत्र जोडून मी पोर्टलला लिहिलं. तक्रार 'सोडवली' म्हणून बंद झाली. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद झाल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला. तिथे मराठीतून बोलता येतं, आणि ज्या शांतपणे त्या बाईंनी माझं ऐकून घेतलं त्याने मला धीर आला. एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार नोंदवते, कंपनीकडे पाठवते आणि कंपनीचं उत्तर आपल्याला दाखवते. माझ्या तक्रारीवर पोर्टलचं उत्तर आलं, 'ग्राहकाला पूर्ण परतावा दिला आहे', आणि खाली एक २३ अंकी एआरएन क्रमांक. कार्डावरच्या प्रत्येक परताव्याला असा क्रमांक असतो आणि त्यावरून बँक तो शोधू शकते. मी बँकेला विचारलं. तो क्रमांक त्याच ११,५५० चा निघाला. हे कळवल्यावर पोर्टलने 'सदिच्छा म्हणून' त्यांच्या वॉलेटमध्ये २,००० रुपयांचं व्हाउचर देऊ केलं. स्वीकारायचं बटण दाबलं की तक्रार मिटल्याची नोंद होणार होती. मी नकार लिहून कळवला आणि त्याचाही स्क्रीनशॉट ठेवला.

हे चालू असतानाच बँकेत डिस्प्यूट, म्हणजे कार्डावरच्या व्यवहाराबद्दलची हरकत, टाकला होता. इथे मी घाई केली. १३ सप्टेंबरला फॉर्म भरताना कारणांच्या यादीतलं पहिलं दिसलेलं, 'सेवा मिळाली नाही' हे कारण निवडलं. आठवड्यात फेटाळला गेला: ग्राहकाने स्वतः तिकीट रद्द केल्याने सेवा न मिळाल्याचा प्रश्न येत नाही. त्यांचं बरोबर होतं. शाखेत गेले तर तिथल्या साहेबांनी कार्डाचं काम आमच्याकडे नाही म्हणून हात वर केले. कॉल सेंटरवर चौथ्या खेपेला जो मुलगा भेटला त्याने मला प्रक्रिया नीट समजावली. त्याचं नावही मला कळलं नाही, पण त्याचे उपकार आहेत.

त्याच्याकडून समजलं ते असं. आपण ज्याला चार्जबॅक म्हणतो ते म्हणजे आपली बँक दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड नेटवर्कच्या नियमांनुसार रक्कम परत मागते. भांडण दोन बँकांमधलं असतं, आपण फक्त पुरावे पुरवतो. प्रत्येक मागणीला एक कारण-कोड लागतो आणि पुरावा त्या कारणाचाच चालतो. माझं कारण होतं 'परतावा द्यायचा होता, दिला नाही', त्यांच्या भाषेत 'क्रेडिट नॉट प्रोसेस्ड'. व्यवहार मीच केला असल्याने 'फसवणूक' हे कारण चुकूनही निवडायचं नाही. ते खोटं ठरतं आणि कार्डही ब्लॉक होतं. रकमेच्या रकान्यात ३३,९०० न लिहिता नेमके १९,५०० लिहायचे. आणि मुदत. नेटवर्कच्या नियमांत अशा वादांना साधारण १२० दिवस मिळतात, पण बँका आपल्या फॉर्मवर त्याहून कमी मुदत घालतात, तेव्हा पोर्टलच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही.

२७ सप्टेंबरला मी पुन्हा दाखल केलं. या वेळी वर एक पानाचा गोषवारा, तारीख आणि वेळेसह. खाली फक्त पाच कागद: तिकीट, हरकतीचा ईमेल, रद्द झाल्याची पावती, विमान कंपनीचं पत्र आणि ११,५५० जमा झाल्याचं स्टेटमेंट. चॅटची सतरा पानं मी जोडली नाहीत. ३ ऑक्टोबरला कार्डावर १९,५०० जमा दिसले. आईला फोन केला, पण सांगितलं की हे तात्पुरते आहेत, वहीत लिहू नकोस. मर्चंटने, म्हणजे इथे पोर्टलने, विरोध केला आणि बँकेला त्याचं म्हणणं पटलं तर हे पैसे परत नावे पडतात. म्हणूनच मी वाद चालू असतानाही कार्डाचं पूर्ण बिल दर महिन्याला भरत राहिले. थोडी रक्कम जरी मागे ठेवली तरी व्याजमुक्त मुदत जाते आणि पुढच्या किराण्याच्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. वादातल्या रकमेपायी ते ओढवून घ्यायचं नव्हतं.

दिवाळी झाली, एकादशी झाली आणि १३ नोव्हेंबरच्या बुधवारी आम्ही निघालो.

काशीबद्दल लिहायला बसले तर हा लेख बाजूला राहील, पण एक संध्याकाळ सांगतेच. पंधरा तारखेला आम्ही दुपारी तीनपासून पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर जागा धरून बसलो. तिथे अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेला दगडी दीपस्तंभ आहे, त्याला हजारा म्हणतात, आणि देवदीपावली सुरू होते ती याच घाटावरून. १७८० साली विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं तेही अहिल्याबाईंनीच. चौथीच्या मुलांना हे वर्षानुवर्षं शिकवलेली आई त्या स्तंभाकडे बघत एक अक्षर बोलली नाही. दिवे लागले तशी मागून कोणीतरी मराठीत म्हणालं, "सरका हो जरा, आजींना दिसू द्या." वळून पाहिलं तर ब्रह्मा घाटाजवळ पिढ्यान् पिढ्या राहणारं मराठी कुटुंब. त्यांनी आईच्या हातात वात आणि पणती दिली. तिची पणती वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा मावशीने पदराचा आडोसा धरला.

दुसऱ्या दिवशी बँकेचा ईमेल आला. विषयाच्या ओळीतच कळत होतं की मर्चंटने विरोध केला आहे आणि दहा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. मी तो काशीत उघडला नाही. आईलाही सांगितलं नाही.

घरी, नाशिकला परत आल्यावर १९ तारखेला वाचला. पोर्टलने अकरा पानं पाठवली होती. ग्राहकाने कपात पाहून, अटी मान्य करून स्वतः बटण दाबलं, आणि पुराव्यादाखल त्यांच्या अटींचं पान. सरांना ज्याची काळजी होती नेमका तोच मुद्दा. माझ्या हातात हरकतीचा ईमेल होता, बटणाच्या पंचावन्न मिनिटं आधीचा. पण निर्णायक ठरलं ते त्यांच्याच पानावरचं वाक्य, जे मी ऑगस्टमध्ये पीडीएफ करून ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं की विमान कंपनी जेवढं शुल्क प्रत्यक्ष आकारेल तेवढंच वजा केलं जाईल. त्यांनी जोडलेल्या प्रतीतही ते वाक्य होतं. म्हणजे मी ज्या अटी मान्य केल्या त्या याच, आणि त्या अटींप्रमाणे वजा करायची रक्कम शून्य.

माझं उत्तर सात ओळींचं झालं. अटीतल्या त्या वाक्याखाली रेघ मारली, शेजारी विमान कंपनीचं पत्र ठेवलं. रागाचा एक शब्द लिहिला नाही. लिहावासा वाटत होता, कारण मावशीने मला दोनदा विचारलं होतं की माझ्या तिकिटाचे पैसे मी वेगळे देऊ का. साठीच्या पुढच्या माणसाला आपल्यामुळे कोणाचं नुकसान झालं असं वाटायला लावणं, याचा हिशेब कुठल्याही फॉर्मवर मांडता येत नाही.

पुढे वाट बघणं होतं. तेवढ्यात मी पुढची पायरी तयार ठेवली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पण ती बँकेविरुद्धची असते, पोर्टलविरुद्धची नाही. पोर्टलविरुद्ध दाद मागायची तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही आणि अर्ज घरबसल्या भरता येतो. मी मसुदा लिहून फाइलला लावला. वापरायची वेळ आली नाही.

९ जानेवारी २०२५ ला बँकेचं पत्र आलं. वाद आपल्या बाजूने बंद करण्यात आला असून तात्पुरती जमा कायम करण्यात येत आहे. एवढंच. पोर्टलकडून शेवटपर्यंत एक ओळही आली नाही.

संध्याकाळी मी १९,५०० आईच्या खात्यात पाठवले आणि पत्र तिला दाखवलं. तिने ते पूर्ण वाचलं, 'तात्पुरती' आणि 'कायम' या दोन शब्दांवर बोट ठेवून मला पुन्हा विचारून घेतलं, आणि मग वही काढली. 'काशी'च्या पानावर ऑगस्टातली ओळ होती: आगाऊ ३३,९००. तिच्याखाली, सप्टेंबरातली: परत ११,५५०. त्याच्याखाली चार महिने तिने एक ओळ मोकळी सोडली होती. तिथे तिने लिहिलं, परत १९,५००. मग पेन्सिलीने कोपऱ्यात वजाबाकी केली, २,८५० आले, ते पोर्टलचे १,८०० आणि फीचे १,०५० मिळून जुळतात का ते मला विचारलं. जुळत होते. तिने खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली.